आधी कोणी वाकायचं?

इफिसकरांस लिहिलेल्या पत्राचा पाचवा अध्याय ख्रिस्ती लग्नात हमखास वाचला जातो. वाचन बहुतेक वेळा बाविसाव्या वचनापासून, म्हणजे पत्नीने पतीच्या अधीन राहावं असं सांगितलंय तिथून सुरू होतं. एकविसावं वचन मागेच राहतं, आणि खरी मेख त्यातच आहे. तिथे पत्र लिहिणारा पौल नवरा-बायकोविषयी बोलतच नाही. ख्रिस्ताविषयीच्या आदरापोटी तुम्ही सगळ्यांनी एकमेकांचं ऐकावं, एकमेकांपुढे आपला हट्ट सोडावा, असं तो अख्ख्या मंडळीला सांगतो. घरातल्या नात्यांचा विषय त्यानंतर येतो. पुढची वचनं मोजून पाहावीत: पत्नींच्या वाट्याला तीन, पतींच्या वाट्याला त्याच्या जवळजवळ तिप्पट. पतींना एकदाही हुकूम चालवायला सांगितलेलं नाही. ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला देऊन टाकलं, तसं तुम्ही बायकोसाठी स्वतःला द्या, एवढंच मागणं आहे. रोमन जगात घरच्या कर्त्या पुरुषाच्या हाती बायको, मुलं, गुलाम यांच्यावर मोठा अधिकार असे. बायकोने ऐकावं हे तिथे कोणाला नव्याने सांगावं लागत नव्हतं. नवऱ्याने तिच्यासाठी जीव द्यावा, हे ऐकून मात्र कान टवकारले गेले असतील.

नवी मुंबईतल्या महाप्यात सकाळी सातला पाळी बदलते तेव्हा हे पाचव्या अध्यायातलं सगळं मला रस्त्यावर दिसतं. ठाणे-बेलापूर रस्त्यावरून कंपन्यांच्या बसगाड्या आत वळत असतात, आणि मिलेनियम बिझनेस पार्कमधून रात्रपाळीची माणसं तांबारल्या डोळ्यांनी बाहेर पडत असतात. यातली कितीतरी नवरा-बायको आहेत. आमच्या मंडळीतही अशी घरं आहेत, नगर-जालन्याकडून येऊन घणसोली-कोपरखैरण्यात स्थिरावलेली. तो रात्रपाळी संपवून घरी पोचतो, ती पहिल्या पाळीच्या बससाठी पायात चपला सरकवत असते. भेट दहा मिनिटांची. त्यात पोराच्या वहीवर सही, सिलिंडरचा नंबर, सासूबाईंच्या गोळ्या आणि राहिलेलं भांडण. तो म्हणतो, मी रात्रभर जागलोय. ते खरंच असतं. ती पाचला उठून दोन डबे भरून, कपडे वाळत घालून निघालेली असते. तेही खरं असतं. अशा वेळी न्याय मागत बसलं तर दोघांनाही मिळेल, आणि घर मात्र दोन बाजूंत वाटलं जाईल.

अधीन होणं म्हणजे आळीपाळीने माघार घेणं, असं पुष्कळांना वाटतं. गेल्या वेळी मी सोडलं, आता तू सोड. हा हिशेब चार दिवससुद्धा टिकत नाही, कारण प्रत्येकाची वही वेगळी असते आणि प्रत्येकाला आपलीच बाकी जास्त दिसते. शिवाय दोघांच्या हातात सारखं काही नसतंच. एकाचा पगार जास्त, एकाचा आवाज मोठा, एकाचं माहेर-सासर पाठीशी भक्कम. शास्त्र इथे फार थेट बोलतं. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात पित्याने सारं काही आपल्या हाती दिलंय हे ठाऊक असताना येशू जेवणावरून उठतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो. त्या क्रमाकडे लक्ष द्यावं. हातात सगळं आहे हे आधी, मग वाकणं. म्हणजे ज्याच्या हाती जास्त, त्याने पहिल्यांदा वाकायचं. आणि पेत्र पाय मागे घेतो, तेव्हा येशू त्याला धुवून घ्यायला लावतो. दुसऱ्याचं प्रेम घेणं हेही वाकणंच आहे, आणि कर्त्या माणसांना ते जास्त जड जातं.

महाराष्ट्रात या गोष्टीचं सर्वांत मोठं उदाहरण कवी नारायण वामन टिळक आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या घरात घडलं. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंची त्याला संमती नव्हती. कडक सोवळ्यात वाढलेली, अकराव्या वर्षाच्या आसपास लग्न होऊन आलेली ती बाई त्या दिवशी जवळजवळ विधवेसारखी झाली. नवरा जिवंत आणि संसार उठलेला. पुढे बराच काळ दोघं वेगळी राहिली. मग लक्ष्मीबाई परत टिळकांकडे आल्या, पण धर्म न सोडता. नगरला एका घरात दोन चुली असल्यासारखा संसार सुरू झाला. त्यांचं पाणी वेगळं, स्वयंपाक वेगळा, सोवळं त्यांचं त्यांच्याकडे. धर्मांतर करून बसलेला नवरा मिशनच्या गोतावळ्यात राहून बायकोचं सोवळं सांभाळू देत होता.

टिळक काही शांत स्वभावाचे नव्हते. रागीट होते, लहरी होते, घरातली वस्तू दिसेल त्या गरजूला देऊन टाकणारे होते, आणि त्याचा चटका लक्ष्मीबाईंनाच बसे. नवरा, शिकलेला, कवी, मिशनचा आधार असलेला, असं सगळं बळ त्यांच्या बाजूला होतं. तरी विश्वासाच्या बाबतीत त्यांनी ते बळ वापरलं नाही. पाच वर्षं वाट पाहिली. 1900 साली लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या विचाराने. जातीची उतरंड देवाने घातलेली नाही, माणसाने घातलेली आहे, हे आधी त्यांच्या मनाने घेतलं आणि मग पाऊल पडलं. ही पाच वर्षं मला टिळकांच्या कुठल्याही कवितेइतकीच मोलाची वाटतात. त्यांनी बायकोला अक्षर शिकवलं हे सगळे सांगतात. तिच्या मनाचा दरवाजा बाहेरून ढकलला नाही, हे सांगायचं राहून जातं.

लक्ष्मीबाईंचं वाकणंही साधं नव्हतं. 1919 साली टिळक गेले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ या त्यांच्या ख्रिस्तचरित्रपर काव्याचे दहा-अकरा अध्यायच झाले होते. ज्या बाईला शाळा माहीत नव्हती, तिने ते काम अंगावर घेतलं आणि साठाहून अधिक अध्याय ओवीत लिहून पूर्ण केले. नवऱ्याचं अपुरं स्वप्न तिने उचललं, पण ओव्या तिच्या होत्या.

याच टिळकांचं चरित्र लिहिणाऱ्या जॅक विन्स्लो या इंग्रज धर्मगुरूने 1922 साली ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला. पुढे पुण्यात त्याचा आश्रम झाला. राज्य इंग्रजांचं असताना तिथले इंग्रज खादी घालून भारतीय भावांच्या पंक्तीला बसत. एकमेकांच्या अधीन होणं नवरा-बायकोपुरतं राहत नाही ते असं. पौलही तिथे थांबत नाही. सहाव्या अध्यायात तो धन्यांना बजावतो की धमकावणं सोडा, तुमचा आणि त्यांचा धनी वर एकच आहे. रविवारी आमच्या उपासनेत एकाच बाकावर कारखान्याचा मॅनेजर आणि ठेकेदाराकडे साफसफाईचं काम करणारी बाई बसतात. प्रभूभोजनाची भाकर दोघांना एकाच ताटातून मिळते. सोमवारी महाप्याच्या गेटवर तो तिच्याकडे न बघता आत जात असेल, तर रविवारचं काय उरलं? मंडळीच्या पंचांच्या बैठकीतही हेच. जो जास्त देणगी देतो त्याचं मत आधी विचारलं जातं, नव्याने आलेल्या कुटुंबाचं विचारलंच जात नाही. पाळकांनी, पंचांनी, ख्रिस्तासाठी वाकायचं ते याच ठिकाणी, आणि इथे वाकणं प्रवचनात वाकण्यापेक्षा पुष्कळ अवघड आहे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलायलाच हवी, कारण हे वचन फार वाईट कामालाही वापरलं गेलंय. मार खाणाऱ्या बाईला ‘अधीन राहा’ म्हणून परत पाठवणं ही ख्रिस्ताची शिकवण नाही. जिथे एकच माणूस सतत वाकतो आणि दुसरा सतत उभा राहतो, तिथे एकविसावं वचन पुसून टाकलेलं असतं. अशा घरात मंडळीचं पहिलं काम त्या बाईला आणि मुलांना सुरक्षित जागी नेणं, गरज पडली तर पोलिसांत जायला सोबत करणं. समेटाची प्रार्थना नंतर. आणि तीही मारणारा बदलला असेल तरच.

शिवाय अधीन होणं म्हणजे तोंड बंद ठेवणंही नाही. त्याच पत्राच्या चौथ्या अध्यायात, अवघं एक पान आधी, पौल शेजाऱ्याशी खरं बोलायला सांगतो, कारण आपण एकमेकांचे अवयव आहोत. लक्ष्मीबाईंनी ते शब्दशः पाळलं. टिळक गेल्यावर पंधरा वर्षांनी, 1934 पासून ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मचरित्राचे भाग छापून येऊ लागले. त्यात टिळकांची माया आहे, तसाच त्यांचा राग आहे, अचानक घर सोडून जाणं आहे, रिकामा डबा आहे, कर्ज आहे. नवरा महाराष्ट्राचा थोर ख्रिस्ती कवी झाला म्हणून त्यांनी काही झाकलं नाही, आणि काही सूडानेही लिहिलं नाही. टिळकांना अमुक वेळी मी काय म्हणाले, तेही त्या तसंच लिहितात. ज्या घरात बायकोला नवऱ्याविषयी असं खरं आणि प्रेमाने लिहिता येतं, त्या घरात दोघांनीही एकमेकांपुढे काहीतरी खाली ठेवलेलं असणार.

पाळी सुटल्यावरच्या त्या दहा मिनिटांत आज कोणी काय खाली ठेवायचं, हे बाहेरच्याने ठरवण्यासारखं नाही. दोघांनी निवांत बसून ठरवायला रविवारी दुपारी अर्धा तास मिळतो. त्या अर्ध्या तासात पहिलं बोलणं तिने करावं आणि ज्याचा पगार मोठा त्याने आधी ऐकावं.