वीस वर्षांनी पुन्हा त्याच वाटेने



कवलापूरच्या माळावरची विमानतळाची जागा आपणा सर्वांना ठाऊक आहे. घोषणा पुष्कळ ऐकल्या, माळ मात्र वर्षानुवर्षे तसाच पडून राहिला. त्या बाजूने जाताना आम्हांला हटकून जे. आर. डी. टाटांची आठवण होते.

भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना त्यांचा, १० फेब्रुवारी १९२९ चा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी ते टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला जुहू येथे उतरले. पुढे १९५३ मध्ये त्यांची विमान कंपनी सरकारी झाली आणि १९७८ मध्ये तिच्या अध्यक्षपदावरूनही त्यांना दूर करण्यात आले. १९६२ साली ते त्याच वाटेने पुन्हा एकदा आले होते. त्यानंतर वीस वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या ७८व्या वर्षी, एका इंजिनाच्या जुन्या लेपर्ड मॉथ विमानातून ते एकटेच कराचीहून मुंबईला आले. कंपनी हाती नव्हती, पोटापाण्याचा प्रश्न नव्हता. उडण्याची आवड होती, आणि तरुणांना थोडी उमेद यावी ही इच्छा.

असे हौशी वैमानिक जगात पुष्कळ आहेत. तरुणपणी शिकतात, मग लग्न, मुले, कर्ज, आणि विमान सुटते. पंधरा-वीस वर्षांनी पुन्हा ओढ लागते. अमेरिकेत अशांसाठी जो नियम आहे तो आम्हांला फार शहाणपणाचा वाटतो. तिथे खासगी वैमानिकाच्या परवान्याला मुदतच नसते. तीस वर्षे न उडालेला माणूसही वैमानिकच राहतो. पण गेल्या २४ महिन्यांत शिक्षकाबरोबर किमान एक तास जमिनीवर उजळणी आणि एक तास उड्डाण झाले नसेल, तर त्याने विमान चालवायचे नाही. आणि प्रवासी न्यायचे, तर गेल्या ९० दिवसांत तीनदा विमान चढवून उतरवलेले हवे.

हाताला सवय लवकर परत येते म्हणतात. विसरते ते डोके: नियम, रेडिओवरची भाषा, कामांचा क्रम. आपल्या एमआयडीसीत दहा वर्षांनी लेथवर उभा राहणारा कारागीरही हेच सांगेल. नवशिका भीत भीत शिकतो. परतलेल्याला वाटते, हे तर आपल्याला येते. धोका तिथेच आहे. म्हणून मुरलेला वैमानिकसुद्धा कामांची यादी हातात धरून एकेक ओळ वाचतो. त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. शेजारी शिक्षक बसतो, त्याच्यापुढेही तसाच दांडा असतो. पण विमान खरोखरच वाकडे जाऊ लागल्याशिवाय तो हात घालत नाही. "इतकी वर्षे कुठे होता?" हे विचारण्यासाठी तो बसलेला नसतो.

बंधू-भगिनींनो, स्नानसंस्काराची मुद्रा पुसली जात नाही, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. वीस वर्षे मंदिराची पायरी न चढलेला ख्रिस्ती माणूस ख्रिस्तीच असतो. त्याला नव्याने स्नानसंस्कार देत नाहीत; हवी असते ती उजळणी, आणि शेजारी कोणीतरी.

इथे आम्हांला आमचीच एक चूक सांगितली पाहिजे. आम्ही नवे धर्मगुरू होतो, दुसऱ्या एका धर्मग्रामात. एका रविवारी शेवटच्या बाकावर एक गृहस्थ दिसले. पंधरा वर्षांत ते आले नव्हते, असे कोणीतरी सांगितले. मिस्सा संपल्यावर दारात आम्ही त्यांना हसत म्हणालो, "काय, आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं!" सगळे हसले, तेही हसले. पुढच्या रविवारी ते नव्हते. आम्ही घरी जायला हवे होते. आज जाऊ, उद्या जाऊ, असे करत राहिलो. गेलो ते त्यांच्या मयतालाच. त्यांच्या पत्नीने सांगितले, "त्या दिवशी ते नवा सदरा घालून आले होते, फादर."

उधळ्या पुत्राच्या दाखल्यात बाप धावत सुटतो आणि थोरला भाऊ दाराबाहेर रुसून उभा राहतो. आम्ही त्या दिवशी कोणाच्या जागी उभे होतो, हे आम्हांला ठाऊक आहे. आपल्याकडे नाताळला आणि पुण्य शुक्रवारी मागच्या बाजूला भिंतीला टेकून उभी राहणारी माणसे असतात. त्यांच्याकडे वळून बघू नका. बाकावर थोडे सरका, गीताचे पुस्तक उघडून पान दाखवा. तेवढे पुरे, बाकीचे प्रभू पाहील.

येत्या शनिवारी सायंकाळी आम्ही पापनिवेदनासाठी बसणार आहोत. ज्यांना पश्चात्तापाची प्रार्थना आठवत नाही, त्यांच्यासाठी छापील कार्ड तिथेच ठेवले आहे. वाचून म्हटली तरी चालते.