दयाळू ड्यूक आणि त्याची प्रजा

राज्यकर्त्याच्या क्रौर्याविषयी इतिहासाने पुष्कळ लिहून ठेवले आहे; त्याच्या सौम्यपणाचा हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो. क्रूर राजाचे बळी ओळखता येतात, मोजता येतात. सौम्य राजाचे बळी दुसऱ्याच कोणाच्या तरी हातून मरतात आणि राजाचे हात स्वच्छ राहतात. ते खरोखरच स्वच्छ असतात काय, हा प्रश्न नॉर्मंडीचा ड्यूक रॉबर्ट याच्या चरित्रातून जितका उघडपणे समोर येतो, तितका फार थोड्या चरित्रांतून येत असेल.

इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यमचा हा थोरला मुलगा. बांधा ठेंगणा, म्हणून बापानेच थट्टेने त्याला ‘आखूड मोज्यांचा’ असे म्हटले, आणि ‘कर्टहोज’ हे त्याच अर्थाचे नाव त्याला कायमचे चिकटले. बापलेकांचे कधी पटले नाही. १०७९ च्या आरंभी झेर्बर्वाच्या लढाईत दोघे समोरासमोर आले आणि विल्यम जखमी झाला. बापाचा आवाज ओळखताच रॉबर्टने हात आवरला व त्याला स्वतःच्या घोड्यावर बसवून जाऊ दिले, असे एक बखरकार सांगतो. १०८७ मध्ये विल्यम वारला. नॉर्मंडी रॉबर्टला मिळाली, इंग्लंड मधल्या विल्यम रूफसला आणि धाकट्या हेन्रीला नुसती रोकड.

शत्रू हाती सापडला की त्याला सोडून देणे, हे रॉबर्टच्या कारकिर्दीचे जणू सूत्रच आहे. १०९१ मध्ये दोन्ही थोरल्या भावांनी हेन्रीला मॉं-सॅं-मिशेलच्या बेटावर कोंडले. आतले पाणी संपले, तेव्हा रॉबर्टने ते नेऊ दिले. रूफस संतापला. पाण्यावाचून भावाला मारायचे काय, तो गेल्यावर दुसरा भाऊ कोठून आणणार, अशा आशयाचे उत्तर रॉबर्टने दिल्याचे माम्झबरीच्या विल्यमने नोंदवले आहे. या उत्तरापुढे कोणाचेही मस्तक नमावे. पुढे याच हेन्रीने त्याला मरेपर्यंत कैदेत ठेवले, हे ठाऊक असूनही नमावे.

परंतु या चित्राला दुसरी बाजू आहे. १०८८ मध्ये रॉबर्टने बेलेमचा सरदार रॉबर्ट यास पकडले होते. हा सरदार छळासाठी कुप्रसिद्ध होता. त्याच्या वृद्ध पित्याने रदबदली केली आणि ड्यूकने त्याला मुक्त केले. त्यानंतर दीड तपाहून अधिक काळ त्या सरदाराने आसपासचा मुलूख जाळला, लुटला. दक्षिण नॉर्मंडीतील सॅंतेव्रूलच्या मठात बसून ऑर्डेरिक व्हिटालिस या भिक्षूने ही हकीकत लिहिली. त्या मठालाही या उपद्रवाची झळ लागत होती. ऑर्डेरिकने लिहिले ते हेन्रीच्या राज्यात, म्हणून त्याची साक्ष पक्षपाती मानण्याकडे अभ्यासकांचा कल असतो आणि तो योग्यही आहे. मात्र विजेत्याच्या सोयीची झाली एवढ्यानेच पीडितांची तक्रार खोटी ठरत नाही.

येथे दयेच्या स्वरूपाकडेच पाहावे लागते. रॉबर्टची दया नेहमी समोर उभ्या असलेल्या माणसाला मिळाली: तहानलेल्या भावाला, याचना करणाऱ्या पित्याला, मागेल त्या मित्राला. बेलेमच्या वाटेवरचा शेतकरी दरबारात कधी आलाच नाही. त्याचा चेहरा ड्यूकने पाहिला नव्हता. ज्याला क्षमा केली तो दिसतो, त्या क्षमेची किंमत जो मोजतो तो दिसत नाही. खाजगी माणसाला हे अंतर क्षम्य असेल. राज्यपद ज्या कारणासाठी असते, ते कारणच मुळी न दिसणाऱ्या माणसाचे रक्षण हे आहे. भारतीय राजनीतिविचाराने मत्स्यन्यायाची भीती घालून दंडाचे समर्थन केले, ते याच जाणिवेतून.

शिवाय ती दया तत्त्वातून आलेली होती, असेही म्हणता येत नाही. त्याच १०८८ मध्ये सॅं-सेनेरीचा किल्ला पडल्यावर रागाच्या भरात त्याने किल्लेदाराचे डोळे काढवले. १५ जुलै १०९९ रोजी जेरुसलेम घेऊन तेथील रहिवाशांची कत्तल करणाऱ्या सैन्यात तोही एक सेनानी होता. त्या मोहिमेसाठी त्याने १०९६ मध्ये अख्खी नॉर्मंडी दहा हजार मार्कांवर रूफसकडे गहाण टाकली होती, आणि ती रक्कम उभी करण्यासाठी इंग्लंडच्या प्रजेवर कर बसला. पुण्य ड्यूकचे, गहाण प्रजा! मोहिमेत त्याने शौर्य गाजवले, यात मात्र संशय नाही.

तो परतण्यापूर्वीच, १०० दिवसही नव्हे तर अवघ्या काही आठवड्यांच्या अंतराने, रूफस शिकारीत मारला गेला आणि ५ ऑगस्ट ११०० रोजी हेन्री इंग्लंडच्या गादीवर बसला. पुढच्या वर्षी रॉबर्ट सैन्यासह इंग्लंडात उतरला खरा, पण वर्षाला तीन हजार मार्कांच्या वेतनावर हक्क सोडून परतला. नंतर वहिनीच्या शब्दाखातर तेही वेतन त्याने सोडले.

हेन्रीचा युक्तिवाद येथपासून सुरू होतो. ११०५ मध्ये तो नॉर्मंडीत आला, तेव्हा कारांतांच्या चर्चमध्ये शेतकऱ्यांनी भीतीपोटी आणून ठेवलेल्या सामानाचा ढीग दाखवून बिशप सर्लोने त्याला रक्षणाची विनंती केली. रक्षणकर्त्याने त्याच वर्षी बाय्यू शहर जाळले. २८ सप्टेंबर ११०६ रोजी टॅंशब्रे येथे रॉबर्ट पकडला गेला. बापाने इंग्लंडच्या किनाऱ्यावर पाऊल ठेवल्याला त्या दिवशी बरोबर चाळीस वर्षे झाली होती. १११९ मध्ये पोप दुसरा कॅलिक्स्टस याने जाब विचारला असता, आपण भावाचे नव्हे तर अराजकाचे राज्य घेतले, अशी बाजू हेन्रीने मांडली.

ही बाजू पोकळ नव्हती. हेन्रीच्या अमलात रस्ते सुरक्षित झाले. पण त्याच १११९ मध्ये, ओलिसांच्या एका प्रकरणात, स्वतःच्या दोन नातींचे डोळे काढण्याची त्याने अनुमती दिली. नाणी हिणकस निघाली म्हणून ११२४ च्या अखेरीस टांकसाळ चालवणाऱ्यांचे उजवे हात तोडवून त्यांना खच्ची करवले. त्या न्यायाच्या तराजूत न दिसणारा शेतकरी होता आणि दिसणारी नात नव्हती. रॉबर्टचे नेमके उलटे. दोघांपैकी कोणाच्या राज्यात राहणे बरे, असे विचारले तर बहुतेक माणसे हेन्रीचे नाव घेतील. कोणाचा भाऊ व्हावे असे विचारले तर रॉबर्टचे. ही दोन उत्तरे एकाच माणसाच्या तोंडी येतात आणि दोन्ही प्रामाणिक असतात. तहानलेल्याला पाणी देणारा हात आणि बेलेमच्या सरदाराची बेडी काढणारा हात एकच होता; एक ठेवून दुसरा छाटण्याची सोय रॉबर्टच्या स्वभावात नव्हती, आणि ती कोणाच्या स्वभावात असते, हे सांगणे कठीण आहे.

रॉबर्ट अठ्ठावीस वर्षांच्या कैदेनंतर ११३४ च्या फेब्रुवारीत कार्डिफच्या किल्ल्यात मरण पावला. ग्लॉस्टरच्या मठात त्याला पुरले. तेथे त्याची लाकडी प्रतिमा आजही आहे. पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात हेन्री वारला. वारसाचा तंटा पेटला आणि इंग्लंडात सुमारे एकोणीस वर्षे ज्याच्या हाती किल्ला त्याचा कायदा चालला.