दावा फेटाळला, पण हक्काचं काय?

मुळशीत पिरंगुट–उरवडे पट्ट्यातल्या कारखान्यांत ठेकेदाराच्या माणसाला परमनंटचे हक्क हवे असतील, तर 'अमक्यांचा दावा कोर्टानं फेटाळला' एवढी बातमी त्याला गप्प करायला पुरते. ही बातमी नीट वाचायला हवी.

फेटाळणं दोन प्रकारचं असतं. एकात न्यायालय पुरावे तपासतं आणि हक्क नाही असं ठरवतं. दुसऱ्यात हक्काच्या प्रश्नाला हातच लागत नाही. दावा 'ग्राह्य नाही' म्हणून परत जातो.

पुण्याच्या कल्याणी स्टील्सचं उदाहरण घ्या. कँटीनमधल्या कामगारांच्या वतीनं विविध कामगार सभेनं 1971च्या अनुचित कामगार प्रथा कायद्याखाली तक्रार केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. 2001 साली निकाल लागला: ज्यांचं कामगार असणं निर्विवाद आहे, त्यांनाच या कायद्याखाली दाद मागता येते, मालक-कामगार नात्याबद्दलच वाद असेल तर तो आधी योग्य मंचापुढे सोडवून घ्या, मग तक्रार करा. त्याच वर्षी सिप्लाच्या प्रकरणातही हीच भूमिका कायम राहिली.

मला हा क्रम कामगारावर अन्याय करणारा वाटतो. मशीन कंपनीचं, शिफ्ट कंपनीची, पगाराच्या चिठ्ठीवर मात्र नाव ठेकेदाराचं. अशा ठिकाणी कंपनीनं 'हे आमचे नाहीत' म्हटलं की तक्रार उंबऱ्यावरच अडते, आणि नातं सिद्ध करण्यात उमेदीची वर्षं जातात. पण हा निकाल मार्ग बंद करत नाही. आधी कुठे जायचं, तेवढंच सांगतो.

मुदतीचंही तसंच. अनुचित प्रथेची तक्रार 90 दिवसांत करायची असते. सबळ कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो. ग्रॅच्युइटीचा कायदा याहून दयाळू आहे. मालकाकडे अर्ज 30 दिवसांत द्यायचा, पण केवळ उशीर झाला म्हणून मागणी बाद होत नाही. हे ठाऊक नसल्यानं कामगार आपणहून हक्क सोडून देतात, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून नोकरी चालू असतानाच हजेरी कार्ड, गेटपास, पगाराच्या चिठ्ठ्या, फंडाचं पासबुक यांच्या प्रती घरी ठेवा. आणि दावा फेटाळलाच, तर निकालाची प्रत घेऊन वकिलाला एकच प्रश्न आधी विचारा: हक्क नाकारला आहे की फक्त अर्ज?