जिना त्यांचा, भेग आमची

चोरी म्हटली की काळोखी रात्र आणि तोंडाला फडकं बांधलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. मी चोरी केली ती भर दुपारी, यवतमाळातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात, आणि वर दुकानदाराकडे पावतीही मागितली.

गोष्ट पंचवीसेक वर्षांपूर्वीची. ऑफिसातल्या एका मित्रानं टेकडीच्या उतारावर टुमदार घर बांधलं. नकाशा गावातल्याच एका आर्किटेक्टचा. जिना तर असा की गुडघ्यांना चढाचा पत्ताच लागू नये! आमच्या आईचे गुडघे दुखायचे. (चोरीतही मातृभक्ती होती, एवढं नोंदवून ठेवा.) मित्रानं नकाशा उदारपणे दिला. मी तो मिस्त्रीपुढे पसरला आणि विचारलं, "आर्किटेक्टला एकदा दाखवायचा का?"

"काऊन जी? कागद हाय ना! कागद का घर पाहून बोलते?"

मला ते पटलं. पैसे वाचवणारं तत्त्वज्ञान माणसाला लगेच पटतं.

कायदा मी पुढे वाचला. तो गुन्ह्यानंतरच वाचायचा असतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नकाशा ही चक्क कलाकृती आहे. म्हणजे आमच्या स्वयंपाकघराची रेघ आणि एखाद्या चित्रकाराची रेघ एकाच पंगतीला! पण त्याच कायद्याचं ५९ वं कलम मोठं दयाळू. अशा चोरीच्या नकाशावर बांधकाम एकदा सुरू झालं, की ते थांबवायचा किंवा पाडायचा हुकूम नकाशाच्या मालकाला मिळत नाही. त्यानं नुकसानभरपाई वगैरे मागावी. १९७२ चा आर्किटेक्टांचा कायदा पाहिला, तर तो 'आर्किटेक्ट' हे बिरुद जपतो. दुसऱ्या कुणी घराचा आराखडा काढूच नये, असं म्हणत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही २०२० साली तेच सांगितलं. थोडक्यात, घर सुरक्षित आणि मिस्त्री निर्दोष.

पण काळ्या मातीनं हे कायदे वाचलेले नव्हते. मित्राच्या प्लॉटवर तीन फुटांवर मुरूम. आमचा ले-आऊट म्हणजे कालपरवापर्यंतचं कपाशीचं वावर. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. तिच्यात पाया किती खोल न्यायचा, ते माती बघूनच ठरवावं लागतं. आम्ही तो झेरॉक्स बघून ठरवला. तिसऱ्या उन्हाळ्यात बैठकीच्या भिंतीवर एक भेग उमटली. पहिल्यांदा तिच्यात पोस्टकार्ड जायचं. पुढे आईची जपमाळ जाऊ लागली.

शेवटी तोंड लपवत त्याच आर्किटेक्टना बोलावलं. ते आले, जिन्याच्या कठड्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "जिना माझा आहे. भेग तुमची."

मी माझा बचाव मांडला. तो तुम्हीही मांडला असता. साहेब, मित्रानं तुमची फी दिली होती. मूळ कागद तुमच्याकडेच राहिला. मी नेलं तरी काय?

ते शांतपणे म्हणाले, "त्यांनी फी दिली ती त्यांच्या प्लॉटची. तुमच्याकडे आलो असतो, तर आधी विचारलं असतं, माती कोणती? तो प्रश्न झेरॉक्समधे येत नाही. आणि लोक म्हणून राहिले, हे माझं घर. मागच्या वर्षी एक गिऱ्हाईक तुमची भेग पाहून परत गेलं."

मी गप्प झालो. तोवर मला वाटत होतं, ज्या चोरीत कुणाचं काही जात नाही ती चोरीच नव्हे. इथं तर एका माणसाचं नाव गेलं होतं. ज्या घरात त्यांनी पाऊलही टाकलं नव्हतं, त्याचा दोष ते तीन वर्षं वाहत होते. आणि मी पंख्याखाली बसून वाचलेले पैसे मोजत होतो.

त्यांनी पायाभोवती फरशी आणि पाणी दूर जाईल असा उतार सुचवला. बिल फक्त भेटीचं लावलं. नकाशाची ओळ कोरी होती. ती कोरी ओळ मला भेगेपेक्षा रुंद वाटली. दुसऱ्या दिवशी नकाशाची पूर्ण फी घेऊन गेलो. ते नको नको म्हणाले. मग घेतली आणि पावतीवर लिहिलं, 'एकदाच वापरण्यासाठी.'

भेगा बुजवल्या, पण जिन्याजवळची एक वीतभर मुद्दाम राखली आहे. आजही कुणी म्हणतं, "भाऊ, जिना मस्त हाय तुमचा, नकाशा द्या ना जी!" मी त्याला चहा देतो, भेग दाखवतो आणि साहेबांचा पत्ता देतो. पत्त्याची मात्र कितीही झेरॉक्स काढा.