चौकाबाहेरची देवी

भाईंदरहून वसईची खाडी ओलांडली की रूळ डहाणूकडे जातात. त्या तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी १९७०च्या दशकात वारली चित्र कागदावर आणलं. तोवर कुडाच्या भिंतीवर गेरू लावून, तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहायच्या त्या सवासिनी. चौकात पालघाट देवी असते. तिच्याविना लग्न लागत नाही.

मग कॅनव्हासवर देवी येते का?

अमेरिकेतल्या नवाहो समाजात हाच प्रश्न उठला होता. त्यांची रेतीचित्रं विधी संपताच पुसली जातात. होस्टीन क्लाह या विधिकर्त्याने १९१९च्या सुमारास ती गालिच्यात विणली, तेव्हा लोक हादरले: क्षणापुरतं पवित्र रूप धाग्यात कायमचं कसं बांधायचं? विणकाम तिथे प्रामुख्याने बायकांचं, जसं इथे चौक लिहिणं. इथे तो उंबरठा ओलांडला एका पुरुषाने.

वारल्यांची देवी मात्र भगताच्या, म्हणजे त्यांच्या पुजाऱ्याच्या, आवाहनाने येते, नुसत्या पिठाच्या रेषेने नव्हे. म्हणून मशे यांची जाळ्याची, शेतांची, मुंग्यांची चित्रं विकली गेल्याने विटाळ झाला असं म्हणता येत नाही. खरा अपमान होतो तो वारल्यांना न विचारता कापडावर छापलेल्या चौकाने. मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. त्यांचे मुलगेही चित्रकार झाले.