चार दिवसांची वास्तू

जी वास्तू मोडण्यासाठीच उभारायची, तिच्यात जीव ओतावा का? रशियातील औद्योगिक प्रदर्शनांच्या दालनांची हकिकत वाचताना हा प्रश्न हटकून पडतो. १८९६ साली निझ्नी नोवगोरोदच्या प्रदर्शनात व्लादिमिर शुखोव या इंजिनिअराने पाण्याचा मनोरा उभारला. त्याच्या पोलादी पट्ट्या सगळ्या सरळ. पण तिरप्या रचल्यामुळे मनोऱ्याला कमरेशी नाजूक बाक आला. याला बांधकाम म्हणावे की विणकाम? प्रदर्शन संपल्यावर एका धनिकाने तो विकत घेऊन आपल्या पोलिबिनोच्या जमिनीवर नेला. तिथे तो आजही उभा आहे. मेल्निकोव्हचे नशीब तसे नव्हते. १९२३ साली मॉस्कोच्या कृषी-उद्योग प्रदर्शनात त्याने तंबाखूसाठी बांधलेले लाकडी दालन पाडले गेले. मग त्याचे श्रम वाया गेले म्हणायचे? मनोरा वाचला म्हणून शुखोवची बुद्धी काही वाढली नाही.

व्यवहारी माणसाला हे पटणार नाही. त्याने पनवेलच्या एखाद्या अंगणातला दिवाळीचा किल्ला पाहावा. पोरे कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका मातीत उभा करतात. तो ढासळतो, पुन्हा थापतात. किल्ला किती दिवसांचा, हे त्यांना ठाऊक असते. तरी सुळका वाकडा झालेला खपत नाही. येणाऱ्याजाणाऱ्याने कर्नाळा ओळखलाच पाहिजे!