दिवा लावावा आणि डॉक्टरकडेही जावे

मुलाला ताप आला की आपण देवापुढे दिवा लावतो आणि त्याला डॉक्टरकडेही नेतो. या दोन गोष्टींत काही विरोध आहे असे कोणाच्या मनातही येत नाही. तेच मूल रात्ररात्र जागू लागले, कोणी नसताना आवाज ऐकू येतात म्हणू लागले, शाळा सोडून खोलीत कोंडून घेऊ लागले, तर मात्र आपल्यातले पुष्कळ श्रद्धाळू लोक दिवा तेवढा लावतात. डॉक्टरची पायरी चढायला महिने जातात, कधी वर्षे. असे का होते, आणि साधक म्हणवणाऱ्याने अशा वेळी काय करणे योग्य?

मी तंजावरची, वाणिज्य शाखेत शिकते आणि सेवा म्हणून लेख मराठीत आणते. भाषांतर करताना शब्दांशी अडायला होते, म्हणून आधी शब्दांचेच सांगते. तमिळमध्ये वेडाला ‘पैत्तियम्’ म्हणतात. हा शब्द पित्तावरून आला. म्हणजे ज्यांनी तो पहिल्यांदा वापरला त्यांना हा शरीरातला बिघाडच वाटत असणार; शिवी तो नंतर झाला. मराठीतल्या ‘वेड’ या शब्दाची गंमत वेगळी आहे. आपण पंढरीचे वेड म्हणतो, नामाचे वेड म्हणतो, आणि ते कौतुकाने म्हणतो. हा आपल्या भाषेचा गोडवा आहे खरा, पण आजारी मुलाच्या घरी तोच घात करतो.

कारण सोळा-सतरा वर्षांचा मुलगा अबोल झाला, जेवण टाकले, आंघोळ सोडली, देव माझ्याशी बोलतो म्हणाला, तर भक्तिमार्गी घरात पहिला विचार येतो तो वैराग्याचा. आजी म्हणते, पूर्वजन्मीचा योगी दिसतो. कोणी पाया पडते. मला वाटते, इथे थांबून नीट पाहायला हवे. विरक्त माणसाचे मन शांत होत जाते, तो इतरांच्या दुःखाला अधिक जवळ जातो, हातातले काम नेटाने करतो. आजारी मूल घाबरलेले असते. त्याला झोप नसते, कोणीतरी आपल्या मागावर आहे असे वाटते, काल येत असलेला अभ्यास आज जमत नाही. निदान करणे हे आपले काम नाही, पण भीती आणि निद्रानाश दिसत असताना त्याला वैराग्य म्हणणे ही त्या लेकराची उपेक्षाच होय. अशा अवस्थेत त्याला उपवास, जागरण किंवा तासन्‌तास ध्यान करायला लावू नये. त्याने आजार वाढू शकतो. ध्यान कधी आणि किती करावे, हेही तज्ज्ञांना विचारूनच ठरवावे.

दुसरी अडचण कर्मसिद्धांताची. ‘भोग आहेत, भोगून संपवायचे’ हे वाक्य आईच्या तोंडावर सांगणारे लोक दुष्ट नसतात. त्यांना धीरच द्यायचा असतो. पण मी हिशेब शिकते आहे म्हणून मला हे खटकते. ज्या वह्या आपण उघडूनही पाहिल्या नाहीत, त्यांचा ताळेबंद आपण दुसऱ्याच्या घरी जाऊन कसा वाचून दाखवतो? कर्माचा विचार स्वतःच्या आचरणासाठी आहे. स्वतःला लावला तर माणूस सावध होतो. शेजारणीच्या मुलाला लावला तर आपली मदत करण्याची जबाबदारी तेवढी सुटते. आणि पाय मोडलेल्या मुलाला प्लास्टर घालण्यापूर्वी त्याचे प्रारब्ध कोणी विचारत नाही.

समर्थांनी दासबोधाच्या तिसऱ्या दशकात त्रिविध तापांचे निरूपण केले आहे. देह, इंद्रिये आणि प्राण यांच्यामुळे जे दुःख होते त्याला ते आध्यात्मिक ताप म्हणतात, आणि रोगांची लांबलचक यादी त्याच समासात देतात. आधिदैविक ताप मात्र ते मृत्यूनंतरच्या यमयातनांसाठी राखून ठेवतात. रोग हा देहाच्या बाजूला आहे, ही विभागणी आपल्या परंपरेतलीच आहे. चरकसंहितेतही उन्मादाला निदान आणि चिकित्सा यांचे स्वतंत्र अध्याय आहेत. चिकित्सा करायचीच नसती तर ते कशाला लिहिले असते?

आमच्या गावातच याचे एक मोठे उदाहरण आहे. सरफोजी राजे दुसरे यांनी १७९८ ते १८३२ या काळात तंजावरवर राज्य केले. बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरवून घेतला तो त्यांनीच, १८०३ साली. देवभक्त राजा. त्याच राजाने धन्वंतरी महाल उभा केला, तिथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य वैद्यक जाणणारे लोक एकत्र बसवले, औषधे पारखून घेतली आणि गुण आलेली औषधे तमिळ पद्यात लिहवून ठेवली. नेत्ररुग्णांच्या नोंदी तर चित्रांसह ठेवल्या. देवळात हात जोडणारा राजा औषधाची परीक्षा घेताना देवाचा अविश्वास करत होता, असे कोणी म्हणेल का?

तमिळनाडूत मनोरुग्णांना देवस्थानी नेण्याची रीत जुनी आहे. तिरुचिरापल्लीजवळ कावेरीच्या परिसरात गुणशीलम्‌ला प्रसन्न वेंकटाचलपतीचे देऊळ आहे. तिथे एक मंडल, म्हणजे अठ्ठेचाळीस दिवस, राहण्याची प्रथा आहे. या रीतीला हसू नये. तमिळनाडूतल्याच एका मुत्तुस्वामी देवळात राहायला आलेल्या ३१ जणांचा अभ्यास २००२ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. तिथे औषध दिले जात नव्हते, तरी लक्षणांच्या मोजमापात सरासरी वीस टक्क्यांच्या जवळपास उतार दिसला. अभ्यासकांनी त्याचे श्रेय तिथल्या निर्धास्त, आधार देणाऱ्या वातावरणाला दिले. म्हणजे मायेच्या माणसांत, कोणी न हिणवता राहायला मिळणे यातही गुण आहे. पण वीस टक्के म्हणजे शंभर नव्हेत.

आणि दुसरी बाजूही याच राज्यातली. ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे रामनाथपुरम्‌ जिल्ह्यातल्या एरवाडी येथे, दर्ग्याच्या आश्रयाने चाललेल्या एका निवासात आग लागली. रुग्णांना साखळ्यांनी बांधून ठेवलेले होते. २८ जण गेले. त्यांच्या घरच्यांनी त्यांना श्रद्धेनेच तिथे आणले होते. दोष प्रार्थनेचा नव्हता. प्रार्थनेच्या नावावर माणसाला एकटे सोडण्याचा आणि बांधण्याचा होता. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास आता स्पष्ट मनाई केली आहे.

एकटे न सोडणे हाच मला या सगळ्याचा गाभा वाटतो. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून नातेवाइकांना रुग्णांजवळ राहायला बोलावले होते. देवळात कुटुंब सोबत असते, ते त्यांनी दवाखान्यात आणले.

हा प्रश्न दोन-चार घरांपुरता नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या मुलांत ७.३ टक्के मुलांना मानसिक आजार आढळला. आपल्या सत्संगात किशोरवयीन मुलांची पन्नास घरे येत असतील, तर तीन-चार घरांत हे चालू असण्याचा संभव आहे. ती घरे बोलत नाहीत. थोरल्या मुलीचे लग्न व्हायचे असते, लोक काय म्हणतील ही धास्ती असते. अशा आईला ग्रंथातले वचन ऐकवण्यापेक्षा तिच्याकडे जेवणाचा डबा घेऊन जावे, दोन तास मुलाजवळ बसावे, ‘ताई, तुम्ही जरा पडा’ म्हणावे. रुग्णालयात रांग लांब असते, तिथे सोबत जावे. आणि एक विनंती हात जोडून करते: गुण येऊ लागला की ‘आता गोळ्या बंद करा, नाम पुरे’ असे कोणीही सांगू नये. गोळ्या अचानक थांबवल्या तर आजार पुन्हा उसळतो. त्या कधी कमी करायच्या हे डॉक्टरच सांगतील.

सुरुवात कुठून करावी हे सुचत नसेल तर टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक लावावा. तो विनामूल्य आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत आणि तमिळमध्येही बोलता येते. तंजावरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. इतर जिल्ह्यांतही सरकारी रुग्णालयात चौकशी करावी. पहिल्या भेटीला जाताना वहीत लिहून न्यावे: झोप कधीपासून बिघडली, खाणे किती, शाळा केव्हा सुटली, घराण्यात कोणाला असा त्रास होता का, आणि मूल स्वतःला इजा करण्याचे बोलले आहे का. हा शेवटचा प्रश्न मुलाला विचारायला आईवडील बिचकतात, पण विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरत नाही. उलट त्याला बोलायला वाट मिळते. तसे बोलले असेल तर भेटीची तारीख येईपर्यंत थांबू नये, त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे आणि मुलाला एकटे ठेवू नये.

दाखल करावे लागले तर पुष्कळ आया विचारतात, मला बाहेर काढतील का? नाही. वर सांगितलेल्या कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील मुलाला दाखल केले तर पालकाने किंवा त्यांनी नेमलेल्या माणसाने पूर्ण मुक्कामभर त्याच्याजवळ राहायचे असते. पांघरूण, पाण्याची बाटली आणि जपमाळ बरोबर न्यावी.